कापसाला धक्का, माणसाला जमीन

माझ्या आजोळच्या स्टेशनात दोन उंच्या होत्या. मालाच्या डब्यांसमोर काळ्या दगडाचा धक्का होता. डब्याच्या तळाला बरोबर भिडेल एवढा उंच, म्हणजे हमालानं पाठीवर बोरा घेऊन न वाकता चालत आत जावं. माणसांच्या डब्यांसमोर काहीच नव्हतं. मुरूम टाकलेली जमीन होती. तिच्यावर उभं राहायचं, दांडा धरायचा, पायरीवर गुडघा टेकवायचा आणि स्वतःला वर ओढून घ्यायचं. म्हाताऱ्यांना मागून कोणीतरी रेटायचं, लेकरं खिडकीतून आत जायची. आजी चढताना दर वेळी एक शिवी हासडायची. ती कोणाला उद्देशून होती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे या लाईनचा इतिहास मिळेल तिथून वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की ही कोणाची हयगय नव्हती, ते ठरवून केलेलं होतं. ते स्टेशन कापसासाठी बांधलं होतं. माणसं कापसाच्या बोऱ्यांमागून चढली आणि मग तिथलीच होऊन गेली.

गावाचं नाव लिहीत नाही. मामा अजून तिथंच राहतो आणि त्याला ते आवडणार नाही. एवढं सांगतो की गाव मुर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेजवरचं, दर्यापूर आणि अंजनगावच्या मधलं. ‘शकुंतला’ म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेली गाडी ती हीच. मुर्तिजापूरहून तिला दोन फाटे फुटतात. एक उत्तरेला अचलपूरकडे, 76 किलोमीटरचा. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारा, 113 किलोमीटरचा. बातम्यांत आणि फोटोंत जास्त करून यवतमाळचा फाटा येतो. आमच्या फाट्याच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही, ही मामाची कायमची तक्रार.

वऱ्हाडात रेल्वे कापसाच्या मागावर आली. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडच्या दक्षिणेतला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. त्याच वर्षांत जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळ ओलांडून पूर्वेला सरकत होते. 1867 साली ते नागपूरला पोचले. ही लाईन वऱ्हाडच्या मधून गेली खरी, पण खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन मोठ्या पेठा बाजूलाच राहिल्या. मग त्यांच्यासाठी छोटे फाटे काढले. जलंब ते खामगाव 1870 साली, बडनेरा ते अमरावती 1871 साली. खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होता. तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय एवढ्या लांब येतो, तेव्हा त्याला खामगावकरांच्या जाण्यायेण्याची काळजी लागलेली नसते.

अचलपूर मात्र राहून गेलं. एकेकाळची वऱ्हाडची राजधानी, इमादशाहीचं गाव, इंग्रजी कागदांतलं एलिचपूर. रेल्वे दूरून गेली तशी पेठ अमरावतीकडे सरकली. 1905 साली एलिचपूर जिल्हाही मोडून अमरावतीत मिसळला. त्यानंतर 1910 साली मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीनं सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे नावाची एक कंपनी काढली आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तिच्या अडीच फुटी लाईनी वऱ्हाडात पसरल्या. मुर्तिजापूरचे दोन फाटे हिचेच, आणि पुलगाव ते आर्वी हा 35 किलोमीटरचा तुकडाही हिचाच. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची जीआयपीनं, अशी वाटणी होती. ही वाटणी पुढे फार महाग पडली. ते नंतर सांगतो.

अडीच फूट म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. मुर्तिजापूरच्या मोठ्या लाईनचं अंतर 1676. याचा अर्थ असा की अंजनगावला भरलेली कापसाची गाठ मुंबईपर्यंत एका डब्यात जाऊच शकत नव्हती. मुर्तिजापूरला छोटा डबा मोठ्या डब्याच्या शेजारी उभा करायचा आणि एकेक गाठ हमालांनी इकडून तिकडे टाकायची. त्या काळची गाठ 392 पौंडांची धरत. म्हणजे पावणेदोनशे किलो. माझे आबाजी, आईचे वडील, तरुणपणी काही हंगाम तिथं हमालीला होते. पुढे ते गावच्या मालधक्क्यावर आले. त्यांच्या उजव्या खांद्यावर उंचवटा आला होता. त्यावर हात ठेवून आम्ही पोरं त्यांना विचारायचो, आबाजी, हे काय आहे? ते म्हणायचे, “हे सायबाची गाठ होय बापू. सायेब गेला, गाठ राह्यली.”

स्टेशन म्हणजे तीन खोल्या. एकीत तिकीट आणि घंटी, दुसरीत कंदील, झेंड्या आणि इतर सटरफटर, तिसरीला कायम कुलूप. पुढे उतरत्या पत्र्याचा ओटा. मागे मास्तरचं क्वार्टर. मी पाहिलं तेव्हा त्यात मास्तर नव्हता, शेळ्या होत्या. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. गावातल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींना ही पाटी फार सोयीची पडायची. त्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांकडून तो आकडा पाठ करून घेतला. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता.

या लाईनवरची स्टेशनं दक्षिणेकडून उत्तरेला म्हणायची आईची एक लय होती. मुर्तिजापूर, लाखपुरी, बनोसा, लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट, चमक, नवबाग, अचलपूर. बनोसा म्हणजे दर्यापूरचं स्टेशन. लाखपुरीला पूर्णा नदी आणि लक्षेश्वराचं देऊळ. कापूसतळणीचं नावच मालाची पावती असल्यासारखं. गाडगेबाबांचं शेंडगाव अंजनगावच्या बाजूला आणि ते जिथं मामाकडे वाढले ते दापुरे मुर्तिजापूरच्या बाजूला, म्हणजे बाबांचं जन्मगाव आणि आजोळ या लाईनच्या दोन टोकांशी. पण बाबांनी 1905 साली घर सोडलं तेव्हा इथं रूळच नव्हते. तो सगळा मुलूख त्यांनी पायीच तुडवला असणार.

गाडी कशी चालायची हे आज पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. वेग ताशी वीसच्या आसपास. 76 किलोमीटरला चार तास धरून चालायचं. वावरात उतरून हरभरा उपटावा आणि पुन्हा गाडीत बसावं, हा विनोद भारतातल्या प्रत्येक नॅरोगेजच्या नावावर आहे, म्हणून मी तो सांगणार नव्हतो. पण मामानं ते खरंच केलंय. गाडीतले लोक ओरडून त्याला सांगत होते की मुळासकट उपट.

उतरत्या काळात स्टेशनांवरची माणसं कमी केली गेली आणि मग सगळं स्टेशनच गाडीत बसून फिरायला लागलं. तिकीट गार्ड द्यायचा. सांधा बदलायचा तर गाडीतलाच माणूस खाली उतरायचा. फाटकावर तर मोठी मौज. रस्ता आला की गाडी अलीकडे थांबायची. एक जण उतरून फाटक लावायचा. दोन्ही बाजूंनी बैलगाड्या, सायकली, एखादा ट्रॅक्टर थांबायचा. मग गाडी सावकाश रस्ता ओलांडून पलीकडे पुन्हा उभी राहायची. तो माणूस फाटक उघडायचा आणि पळत येऊन शेवटच्या डब्यात चढायचा. पुढच्या रस्त्याला पुन्हा तेच. रस्त्यावरच्यांना यात बराच वेळ मिळायचा, त्यामुळे खिडकीतल्यांशी निरोपांची देवघेव व्हायची. “तुया मावशीले सांग, सोयरे मंगयवारी येऊन राह्यले.” लग्नं जुळवण्यात या फाटकांचा वाटा किती, हे कोणी मोजलं नाही.

इंजिन वाफेचं होतं. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेलं इंजिन या लाईनीवर 1994 पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पाठवायचा तो मँचेस्टरच्याच इंजिनानं, याला व्यापारी डोकं म्हणतात. वाफेचं इंजिन गेलं तेव्हा गावातल्या बायांना वाईट वाटलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. ते कारण पाण्याचं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाण्याचा मोठा पट्टा असा आहे की विहीर खोदली तर पाणी लागतं आणि ते खारं लागतं. वरची माती काळी, कसदार, माणूसभर खोल. खालचं पाणी मात्र पिकाला चालत नाही आणि माणसालाही. या पाण्यात साबणाला फेस येत नाही. डाळ शिजत नाही. तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा दाणा वेगळा राहतो. आजी म्हणायची, परक्या गावची सून या घरात रडते ती सासूमुळे नाही, डाळीमुळे. पावसाचं पाणी साठवायचं, तळ्याचं गाळून घ्यायचं, आणि उन्हाळ्यात तेही आटलं की गोड्या पाण्यासाठी दूर जायचं.

खारं पाणी बॉयलरलाही चालत नाही. आत क्षारांचे थर बसतात. त्यामुळे इंजिनाचं पाणी भरायचं ते गोड्या पाण्याच्या जागीच. आबाजी सांगायचे, तहान इंजिनाची होती म्हणून कंपनीनं पाण्याची सोय पाहिली, आपल्यासाठी नाही पाहिली. पण जिथं इंजिनाला पाणी होतं तिथं नळ होता, आणि नळ होता तिथं गावच्या लोकांचे डबे गेले. पत्र्याचे पिपे, दुधाच्या किटल्या, रॉकेलचे धुऊन घासून घेतलेले डबे. सकाळच्या गाडीत रिकामे चढवायचे, परतीच्या गाडीतून भरलेले उतरवायचे. कोणाचा डबा कोणता हे ओळखायला प्रत्येकाच्या कडीला वेगळी चिंधी बांधलेली असायची. आजीची जांभळी होती.

यासाठी पैसे पडत नव्हते. पार्सलाच्या नियमांत पाणी बसत असेल तर ते गार्डला ठाऊक असेल. त्यानं कधी विचारलं नाही, लोकांनी कधी सांगितलं नाही. गावात लग्न निघालं की आदल्या दिवशीच्या गाडीला ओळीनं पिपे असायचे आणि गार्ड खिडकीतून विचारायचा, कोणाकडचं हो? वरणासाठी लागणारं पाणी गाडीनं यायचं. आईच्या लग्नातलं वरण शिजलं ते असंच. डिझेल आल्यावर त्याला पाणी लागेना. नळ कोरडे पडले, तोट्या चोरीला गेल्या. पुढे शहानूर धरणाच्या योजनेचं पाणी आलं आणि तो प्रश्न बराचसा मिटला. पण मधली जी काही वर्षं गेली, ती आजी विसरली नाही.

पाण्यासारख्याच बाकीच्या गोष्टी. अंजनगावचे पानमळे प्रसिद्ध आहेत. विड्याची पानं आणि पानपिंपरी ही तिथली जुनी पिकं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पानांच्या टोपल्या गाडीत दाराशी ठेवलेल्या असायच्या, उन्हापासून लांब, आणि त्यांच्यासाठी माणसं सरकून बसायची. दर्यापूरच्या शाळा-कॉलेजांत जाणारी पोरं. बाजारच्या दिवशी कोंबड्या, शेळ्या, वांग्यांच्या टोपल्या. माहेरपणाला आलेल्या लेकी. अमरावतीच्या दवाखान्यात दाखवायला नेलेला रोगी, त्याच्यासाठी अख्खं बाकडं रिकामं करून द्यायचा रिवाज. पेपर. आणि घड्याळ. गाडी उशिरा यायची हे खरं, पण ती रोज साधारण तेवढीच उशिरा यायची. तिच्या शिटीवर मजुरांची दुपारची सुट्टी व्हायची. कास्तकार म्हणायचा गाडी अजून यायची आहे, मजूर म्हणायचे आली की, तुम्हांला ऐकू आली नाही.

यातल्या कशाचीही नोंद रेल्वेच्या वहीत नाही. वहीत तिकिटं असतात. आणि इथं मला गावाची बाजू घेता येत नाही.

तिकीट फार थोडे लोक काढायचे. उघड सांगायचं तर न काढणं हीच रीत होती. कारण विचारलं तर उत्तर तयार, “गाडी तं जाऊनच राह्यली ना, मंग आपल्या एकट्याचं ओझं कायचं?” गार्ड ओळखीचा, कोणाचा तरी साडूच. परका तपासनीस चढला की बातमी डब्यांतून त्याच्या आधी पळायची. लोक एका दारानं उतरून, त्याच गतीनं चालत जाऊन, तपासून झालेल्या डब्यात चढायचे. पुठ्ठ्याचं जाड तिकीट काढणारे म्हणजे शाळेचे गुरुजी आणि नवी नवरी घेऊन येणारा नवरदेव. गुरुजींना पोरांसमोर लाज, नवरदेवाला सासरच्यांसमोर. गाडी बंद होणार म्हणून पुढे मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, रूळांवर बसणं झालं. मामा सगळ्यात पुढे होता. त्याला मी एकदा विचारलं, मामा, तू तिकीट कधी काढलं होतंस? तो म्हणाला, “आंदोलनाले गेलो तेव्हा काढलं होतं. पेपरवाले होते ना.”

सगळ्यांनी रोज तिकीट काढलं असतं तरी गाडी वाचली असती असं मात्र मला वाटत नाही. चार-पाच छोट्या डब्यांतून येऊन येऊन किती येणार? ती उभी होती मालावर, आणि माल तिला सोडून गेला होता. ट्रक जिनिंगच्या फाटकातून गाठी उचलतो आणि थेट गिरणीच्या दारात उतरवतो. मुर्तिजापूरला पुन्हा हमाली नाही, पुन्हा वाट पाहणं नाही. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस फक्त राज्याच्या फेडरेशननंच घ्यायचा, तेव्हा कास्तकारांच्या बैलगाड्यांच्या रांगा फेडरेशनच्या खरेदी केंद्रांवर लागल्या. स्टेशनातला दगडी धक्का ओस पडला. त्यावर गावातली पोरं गोट्या खेळायची आणि बाया कुरडया वाळत घालायच्या. दगड तापायचा, कुरडया एका दिवसात वाळायच्या.

माणसांनाही लाल डबा परवडू लागला. आजी गाडीबद्दल हळवी अजिबात नव्हती. एसटी रस्त्याच्या फाट्यावरून मिळायची, दीड तासात अमरावती. “घंटाभर लवकर पोचवते तं कायले बसू त्या रेंगाटीत?” असं तिचं म्हणणं. गाडी बंद पडल्यावर ज्यांनी डोळ्यांत पाणी आणून लेख लिहिले, ते बहुतेक सगळे पुण्या-मुंबईत राहत होते. मी अमरावतीत राहतो, म्हणजे अर्धा त्यांच्यातलाच.

मातीनंही गाडीचं वय कमी केलं. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर रूळ सरळ ठेवायचा तर दर वर्षी खडी, दर वर्षी लेव्हल, दर वर्षी माणसं लागतात. आणि हा खर्च करायचा कोणी? इथं ती वाटणी आडवी आली. 1951 च्या सुमारास देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाईन करारावर तशीच राहिली. रूळ कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची, म्हणजे पूर्वीच्या जीआयपीची. भाड्यानं दिलेल्या वाड्याचं छत गळायला लागलं की मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू मालकाकडे, तसं अनेक दशकं चाललं. स्लीपर कुजले, वेग आणखी कमी झाला, वेग कमी झाला म्हणून प्रवासी कमी झाले.

दर वर्षी पंधरा ऑगस्टला एक मेसेज फिरतो, की भारतातली एक रेल्वे अजून इंग्रजांच्या ताब्यात आहे आणि आपण तिचं कोट्यवधींचं भाडं इंग्लंडला भरतो. मलाही तो येतो, जास्त करून रिटायर झालेल्या शिक्षकांकडून. किलिक निक्सन 1857 सालची इंग्रजांनी काढलेली कंपनी हे बरोबर. पण ती मुंबईची, आणि कित्येक दशकांपासून भारतीय हातांत आहे. लाईन मेली ती दोन देशी कार्यालयांमधल्या पत्रव्यवहारात. पण असं सांगितलं की मेसेज पाठवणारा हिरमुसतो. इंग्रजावर राग काढणं सोपं जातं.

गेल्या दशकात दोन्ही फाटे एकामागून एक बंद पडले. आधी यवतमाळचा, मग आमचा. कोणी समारंभ केला नाही. एक दिवस गाडी आली नाही. लोकांनी धरलं की इंजिन बिघडलं असेल, तसं ते नेहमीच बिघडायचं. दुसऱ्या दिवशीही आली नाही. बंद झाली हे कळायलाच काही दिवस लागले.

छोटं स्टेशन मरायला नॅरोगेजच असावं लागतं असं मात्र नाही. मोठ्या लाईनवरच्या खेड्यांचे थांबे मार्च 2020 नंतर कसे गेले ते सगळ्यांनी पाहिलं. टाळेबंदीत पॅसेंजर बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना ‘स्पेशल’ म्हटलं गेलं. दहा रुपयांचं तिकीट तीस झालं. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. बऱ्याच गावांचे थांबे परत मिळालेच नाहीत, आणि शेतमजुरांची, भाजीवाल्यांची सकाळची गाडी चुकली ती चुकलीच. रेल्वेनं थांब्यांची प्रतवारी केली आहे. वर्षाचं उत्पन्न 5 लाखांपर्यंत किंवा प्रवासी लाखाच्या आत, तर एचजी 3, म्हणजे सगळ्यात खालची. प्रवासी मोजायचे ते अर्थात विकलेल्या तिकिटांवरून. या मोजणीत आजीचा जांभळ्या चिंधीचा पिपा कुठं बसतो? मला राग मोजणीचा नाही. दुकान चालवायचं तर गल्ला मोजावाच लागतो. पण जी सोय गावानं स्वतःच्या अकलेनं त्या मालगाडीतून काढून घेतली होती, ती कंपनीनं दिलेलीच नव्हती. मग ती काढून घेताना निदान गावाला विचारायला हवं होतं.

आता पुन्हा ब्रॉडगेजची भाषा सुरू आहे. ही मागणी जुनी आणि तिच्या घोषणाही जुन्या. पण आसपास खरोखर काहीतरी हलतंय, त्यामुळे गावाला आशा लागते. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या लाईनचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. शेजारच्या अकोला–खंडवा मीटरगेजचं अकोटपर्यंत ब्रॉडगेज झालं. पुढे मेळघाटातून जायचं की व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. वाघाच्या बाजूनं बोलणारे लोक निघाले हे मला चांगलं वाटतं. धूळघाटचं ते रुळांचं वळण, जिथं गाडी स्वतःच्याच वाटेवरून जाते, ते जंगलासाठी सोडावं लागलं तरी मी तक्रार करणार नाही.

ब्रॉडगेज झाली तर गावाला काय मिळेल, हा खरा प्रश्न. मोठी गाडी दर पाच-सात किलोमीटरवर उभी राहत नाही. तिला वेग धरायचा असतो. बनोसाला उभी राहील, अंजनगावला राहील. मधल्या गावांना दोन मोठ्या स्टेशनांमधून धडाडत जाणारी गाडी पाहायला मिळेल, आणि फाटकांऐवजी खाली बोगदे होतील, ज्यांत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचेल. हे मी मामाला सांगून पाहिलं. त्याला ते पटत नाही. त्याच्या मते गावाला थांबा मिळणारच, कारण गावाचं नाव शंभर वर्षांच्या टाइमटेबलात छापलेलं आहे.

मागच्या दिवाळीत फाट्यावरच्या टपरीवर यावरून चांगली जुंपली. नवं स्टेशन कुठं व्हावं? मामाचं मत जुन्याच जागी. टपरीवाल्याचं मत फाट्यावर, म्हणजे साहजिकच टपरीसमोर. तिसरा एक जण, मोठा कास्तकार, पंचवीस एकरांचा धनी, सांगत होता की सर्व्हेवाले येऊन गेले आणि त्याच्या वावरातून फुल्या मारून गेले. कोणी गेल्याचं बाकी कोणी पाहिलं नव्हतं.

“रूळ माह्या वावरातून नाई जाऊ देणार,” तो म्हणाला, “पण स्टेशन इथंच पाह्यजे. माह्या पोट्टीले कॉलेजात जा लागते.”

“मंग गाडी उडत येईन का?” टपरीवाल्यानं विचारलं.

“ते इंजिनियरनं पाहावं. त्याले पगार कायचा भेटते?”

मामानं चहाचे पैसे दिले आणि हिशेब मांडायला घेतला, की एकराला काय भाव मिळाला तर हा माणूस ऐकेल. पेन कोणाकडेच नव्हतं. मामा बोटांवर मोजत होता, तो कास्तकार प्रत्येक आकड्याला मान हलवत होता, आणि आकडा वाढत चालला होता.